जहाजावरची पाचवी खुर्ची

रविवार, १० मे. वर्षाच्या मसाल्यासाठी आणलेल्या मिरच्यांचे देठ खुडत मी बाल्कनीत बसले होते. मी मुलींची मेस चालवते. मे महिन्यात मुली गावाला जातात, मेस बंद असते, आणि अशी कामं तेव्हाच उरकतात. बोटांना तेल लावलं होतं तरी चुरचुरत होती. समोर नवरा पेपर धरून बसला होता. बराच वेळ एकच पान.

दुसऱ्या दिवशी दिंडोरीच्या रजिस्ट्रार कचेरीत ताईंची सही व्हायची होती. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. सासरे गेल्यावर दिंडोरीजवळचा द्राक्षांचा मळा तिघांच्या नावावर लागला होता: ताई, माझा नवरा आणि धाकटे भाऊजी. ताईंनी हक्कसोडपत्रावर सही केली की त्यांचं नाव सातबाऱ्यावरून निघणार आणि मळा दोघा भावांचा होणार. यात जगावेगळं काही नाही. आमच्याकडे बहिणी सही करतात, भाऊ त्यांना साडी नेसवतात, जेवू घालतात, भाऊबीजेला बोलावत राहतात. जी करत नाही तिचं माहेर बंद होतं. मीही माझ्या भावांना सही दिली आहे आणि मला त्याची चुटपुट नाही.

पण माझा नवरा हयात आहे, माझी मेस आहे. ताईंचे यजमान ओझरच्या विमान कारखान्यात होते, ते गेले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि आता ताई तिथेच भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. मुलगा पुण्याला. तो पैसे पाठवतो, पण पाठवताना त्याला बायकोशी बोलावं लागतं हे ताईंना कळतं. "मळ्याचा माझा वाटा खंडाने कोणाला कसायला दिला असता तर मुलाच्या फोनकडे डोळे लावून बसावं लागलं नसतं," असं त्या एकदा माझ्याजवळ म्हणाल्या होत्या. एकदाच. नंतर विषय काढला नाही.

भाऊजींना मात्र सही लवकर हवी होती. मळा तेच बघतात, हे मान्य केलं पाहिजे. छाटणी, फवारणी, मजूर, ट्रॅक्टर, सगळं त्यांच्या अंगावर. आता त्यांना मळ्यात पाहुण्यांसाठी खोल्या आणि हॉटेल काढायचं होतं, त्यासाठी कर्ज हवं होतं, आणि बँकेला उतारा स्वच्छ हवा होता. एप्रिलची छाटणी उरकली तसे ते म्हणाले, "सहीच्या आधी ताईला जरा फिरवून आणू. क्रूझ. मुंबईहून गोवा आणि परत. सगळा खर्च माझा." ताईंनी समुद्रात जहाजाने कधी प्रवास केला नव्हता. मीही नाही. आम्ही पाचजण निघालो: भाऊजी, जाऊबाई, मी, नवरा आणि ताई.

जहाज म्हणजे नाशिकचा एखादा मॉल उचलून पाण्यावर ठेवल्यासारखं होतं. वरच्या मजल्यावर मोठा जेवणाचा हॉल, तिथलं खाणं तिकिटात धरलेलं. मी मेसवाली, त्यामुळे समुद्र नंतर पाहिला, आधी हॉल पाहिला. डाळ पातळ होती पण गरम होती. पुऱ्या चांगल्या होत्या. भात मोकळा. इतक्या माणसांना दिवसातून चार वेळा गरम अन्न देणं सोपं नाही, मी त्यांना नावं ठेवणार नाही.

नावं ठेवायची ती खाणाऱ्यांना. लोक ताटात डोंगर रचत होते. एका बाईने सात गुलाबजाम घेतले, दोन खाल्ले, उरलेल्यांवर टिश्यू पेपर टाकला आणि उठली. तिच्या मागच्या माणसाने अर्धी भरलेली ताटली तिथेच सोडून आइस्क्रीमकडे धाव घेतली. पाकात कोळंबीची सालं, दह्यात केक. मी मेसमध्ये उष्ट्याच्या बादलीकडे रोज बघते, मला उष्ट्याची किळस नाही. मला त्या टिश्यू पेपरची किळस आली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दुपारी भाऊजी आमच्या केबिनवर आले.

"दादा, वहिनी, आज रात्री वर नाही जेवायचं. खालच्या डेकवर स्पेशल रेस्टॉरंट आहे. त्याचे पैसे वेगळे. मी टेबल बुक केलंय. लॉबस्टर मिळतो."

ताई आमच्याकडेच बसल्या होत्या. भाऊजींनी त्यांच्याकडे वळून सांगितलं, "ताई, तुझा गुरुवार ना, म्हणून तुझं नाही धरलं. उगाच एका माणसाचे पैसे वाया. वर फळं आहेत, दही आहे. तुझी सोय होईल."

ताई म्हणाल्या, "बरं."

मी म्हटलं, "भाऊजी, ताईंचा गुरुवार सुटून किती वर्षं झाली. साखर निघाली तेव्हाच डॉक्टरांनी बंद केला ना."

लग्नाआधी ताई गुरुवार करायच्या, तेवढंच भाऊजींना ठाऊक होतं. दर भाऊबीजेला ताई त्यांच्या घरी जेवतात, गोड नको म्हणून हात आडवा धरतात, आणि हे आग्रहाने बासुंदी वाढतात. ताई ती का खात नाहीत, हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

"मला कसं माहीत असणार?" ते म्हणाले. "थांबा, विचारतो." ते बाहेर गेले आणि दोन मिनिटांत परत आले. "फुल आहे म्हणतात. चारचंच टेबल आहे."

"मग माझ्या जागी ताई जातील," मी म्हटलं.

"मला नको तो लॉबस्टर," ताई म्हणाल्या. "त्याच्या मिशा बघूनच माझं पोट भरेल. तुम्ही जा, वहिनी. नाही गेलात तर हा पैसे बुडाले म्हणून परत येईपर्यंत रडेल."

भाऊजी हसले. ताईंनी हसण्यावारी नेलं म्हणून त्यांना बरंच वाटलं. मी गेले. पैसे भरलेले होते, आणि खरं सांगायचं तर इतके पैसे घेऊन ते काय देतात हे मला बघायचं होतं. त्या एका खुर्चीच्या पैशात माझ्या मेसमधली एक मुलगी महिनाभर दोन्ही वेळा जेवते.

रेस्टॉरंटमध्ये थंडगार अंधार. टेबलावर काळं कापड. आम्ही बसलो, डोळे सरावले, आणि मी आजूबाजूला पाहिलं. निम्म्याहून जास्त टेबलं रिकामी होती.

"भाऊजी, इथे तर कोणीच नाही," मी म्हटलं.

"रिझर्व्ह असतील. येतील आता."

पाणी ओतायला वेटर आला. मी त्याला हिंदीत सरळ विचारलं की अजून एक माणूस आला असता तर जागा झाली असती का. तो म्हणाला, "क्यों नहीं मॅडम, कुर्सी लगा देते. बस एक का चार्ज और लगता."

जाऊबाई मेनूकार्डात शिरल्या. नवऱ्याने चष्मा पुसायला घेतला. भाऊजी वेटरला म्हणाले, "पहले सूप लाओ."

त्यानंतरचं जेवण मी तोंडात घातलं तेवढंच. पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं वाढणं याला आमच्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात. माझ्या मेसमध्ये एक आई येऊन म्हणाली होती, जास्त पैसे देते, माझ्या मुलीला रोज वेगळं पनीर द्या. मी तिला दुसरी मेस दाखवली. एका रांगेत बसलेल्या मुलींना शेजारणीच्या ताटातला वास घेत जेवायला लावायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. इथे मात्र सगळं जहाजच त्यावर चाललं होतं. ज्यांनी तिकीट काढलं त्यांना डाळ पातळ, आणि दाट हवी असेल तर खाली या. मी वेटरला विचारलं, स्वयंपाकघर वेगळं आहे का. तो म्हणाला, मोठं किचन एकच, इथे फक्त शेवटचं भाजणं आणि मांडणी. म्हणजे पैसे मांडणीचे होते. आणि अंधाराचे.

सूप आलं, ओल्या कापडासारख्या वासाचं. मग काचेच्या घुमटाखाली धूर कोंडून काहीतरी आणलं. वेटरने घुमट उचलला, धूर आमच्या तोंडावर आला, केस जळल्यासारखा वास, आणि खाली मटणाचा अंगठ्याएवढा तुकडा, आतून लाल. जाऊबाईंनी त्याचा फोटो काढला आणि तुकडा भाऊजींच्या ताटलीत सरकवला. लॉबस्टर आला तो वितळलेल्या बटरमध्ये बुडालेला. एसीमुळे बटर बघता बघता पांढरं थिजलं आणि ताटलीच्या कडेला मेणासारखं चिकटलं. पलीकडच्या टेबलावरचं जोडपं प्रत्येक पदार्थाचे फोटो काढत होतं आणि पदार्थ तसाच परत पाठवत होतं. वरच्या हॉलमधली गुलाबजामवाली बाई आठवली. तिने निदान दोन खाल्ले होते.

एक मासा चांगला होता. कातडी कुरकुरीत, आत ओलसर. तो चांगला नव्हता म्हटलं तर खोटं होईल. तीन घासांत संपला.

भाऊजी मात्र खुशीत होते. "हे बघून ठेवा वहिनी. मळ्यात मला असंच करायचंय. साधं येणाऱ्याला साधं. पैसेवाल्याला आत, एसीत, वेगळं. लोक जेवणाचे पैसे देत नाहीत, वेगळं बसायचे देतात."

"आणि घरच्यांना कुठे बसवणार?" मी विचारलं.

"घरच्यांना काय, किचनमध्ये." ते हसले. जाऊबाईही हसल्या. मग ते नवऱ्याला म्हणाले, "दादा, ताईला सहीच्या दिवशी दोन भारी साड्या घेऊ. पैठणी नको, ती नेसत नाही आता. तेवढ्यात ती खुश."

नवरा म्हणाला, "हं."

नवरा नेहमीच 'हं' म्हणतो. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला वाटायचं त्याचा अर्थ होकार. आता मला कळतं, त्याचा अर्थ एवढाच की त्याला ऐकू आलं. गोड यायचं होतं. मी नॅपकिन टेबलावर ठेवला आणि उठले.

"वहिनी, डेझर्ट आहे अजून. त्याचेही पैसे दिलेत."

"तुम्ही खा. निदान पैसे वसूल होतील," म्हटलं आणि लिफ्टने वर गेले.

वर हॉलमध्ये ट्यूबलाइटचा लख्ख उजेड आणि कलकल. ताई खिडकीजवळच्या लांब टेबलावर सटाण्याकडच्या एका कुटुंबात जाऊन बसल्या होत्या. त्या लोकांनी घरून लसणाची चटणी आणि शेवेची पिशवी आणली होती, आणि ती टेबलभर फिरत होती. ताईंच्या ताटात डाळभात, काकडी आणि त्या चटणीचा गोळा. मला बघून त्या कुटुंबातल्या म्हातारबाई सरकल्या. "बठ वं माय, उभी काबर शे?"

मी थोडा डाळभात घेऊन बसले. ताईंनी विचारलं, "कसा होता हो लॉबस्टर?"

"रबर."

"आणि किंमत?"

"तुमच्या माझ्या मिळून दोन महिन्यांच्या भाजीची."

"मग गावात जाऊन सांगू नका. लोक म्हणतील, या बायका समुद्रात जाऊन रबर खाऊन आल्या." सगळे हसले. ताईंनी चटणी माझ्या ताटात वाढली. मग बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "जागा होती ना तिथे?"

त्यांना कसं कळलं मी विचारलं नाही. धाकट्या भावाला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तो खोटं बोलताना कसा दिसतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

"होती," मी म्हटलं.

ताईंनी भात कालवला आणि जेवत राहिल्या.

तर रविवारी बाल्कनीत मी हे सगळं मनात उलटसुलट करत देठ खुडत होते. शेवटी नवऱ्याला विचारलं, "अहो, उद्या तुम्ही ताईंकडून सही घेणार?"

तो पेपराआडून म्हणाला, "सगळेच घेतात. तू नाही दिलीस?"

"दिली. माझ्या भावांनी मला मागितली, आणि त्या दिवशी मला मधल्या पाटावर बसवलं. जे त्यांच्या ताटात ते माझ्या. माझ्या भावाला माझं पथ्य माहीत आहे. तुमच्या भावाला एका ताटाचे पैसे जड झाले. अर्धं रिकामं हॉटेल भरलंय म्हणून सांगितलं. आणि ताईंकडून मळ्याचा तिसरा हिस्सा हवा."

"त्याने मळा राखला."

"त्याची राखणावळ त्याला द्या. हिस्सा कशाला?"

मला वाटलं आता 'हं' येणार. पण त्याने पेपर घडी केला. "त्या रात्री वेटर बोलला तेव्हा मी उठायला हवं होतं," तो म्हणाला. "तू उठलीस. मी आइस्क्रीम खाल्लं." थोड्या वेळाने म्हणाला, "पण ताईने मागितल्याशिवाय मी कसं द्यायचं? तिला नको असेल तर?"

हे बरोबर होतं. तेव्हा विचारायचं काम माझ्याकडे आलं.

संध्याकाळी ताई ओझरहून नाशिकला आमच्याकडे आल्या. सकाळी इथूनच भाऊजींच्या गाडीतून दिंडोरीला जायचं ठरलं होतं. पिशवीत एक बऱ्यापैकी सुती साडी, सहीच्या दिवशी नेसायला. जेवणं झाल्यावर ओटा पुसता पुसता मी विचारलं, "ताई, मळ्यातला वाटा हवा आहे का तुम्हाला? आडवळणाने नको. हो की नाही?"

"हवा म्हटलं तर माहेर जाईल."

"कुठलं माहेर? भाऊजींच्या घरचं म्हणत असाल तर ते गेल्या गुरुवारीच गेलं. तुम्हाला दही खायला पाठवलं तेव्हा."

"टोचून बोलता बाई तुम्ही."

"बोलते. आणि दुसरं माहेर म्हणजे हे घर. इथे दार कोण उघडतं? तुमचा भाऊ तर बेल वाजली तरी पेपरातून डोकं काढत नाही. मी उघडते. सही करा नाहीतर नका करू, दार मीच उघडणार."

ताई सिंकला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना रडू येईल की काय म्हणून मी धास्तावले. मला असल्या प्रसंगांची सवय नाही. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "हॉटेलात तुझे वेगळे पैसे पडतात म्हणून नाही नेलं, असं तो सरळ म्हणाला असता ना वहिनी, तर मी सही केली असती. हसत केली असती. माझा उपवास आहे म्हणाला. मी काय खाते, काय नाही, तेही याला माहीत नाही, आणि मी याला जमीन देऊन टाकू?" मग त्यांनी कोरडं फडकं घेतलं आणि ताटं पुसायला लागल्या. "हवा आहे वाटा. माझा तेवढाच. जास्त एक वेल नको."

बाहेरच्या खोलीत नवरा ऐकत होता. टीव्हीचा आवाज त्याने कधी बंद केला ते कळलं नव्हतं.

आता कोणी ओळखीचं क्रूझला निघालं की मला विचारतं, तिथल्या त्या वेगळ्या पैशांच्या हॉटेलात जावं का. मी सांगते, जाऊ नका. तिकिटात आहे ते अन्न चांगलं आहे, ताटात मावेल तेवढं घ्या आणि संपवा. तीन घासांच्या माशासाठी अंधारात बसून थिजलेलं बटर बघण्यात काही अर्थ नाही. आणि जायचंच असेल तर बरोबर आलेल्या प्रत्येकाची खुर्ची धरा. तेवढे पैसे नसतील तर कोणाचीच धरू नका. लोकांना हे ऐकून गंमत वाटते. मी गमतीने सांगत नाही.

सोमवारी सकाळी मी आधी हक्कसोडपत्र करणाऱ्या वकिलांना फोन लावला. ते दचकले. कागद तयार होता, स्टॅम्प लागला होता. मी म्हटलं, कागद बाजूला ठेवा, हक्कसोड होणार नाही, वाटप करायचं आहे तिघांत. ते म्हणाले, हे घरातल्या कर्त्या माणसाने सांगायला हवं. मी फोन नवऱ्याकडे दिला. तो म्हणाला, "हो. ती म्हणाली तसंच." आणि फोन परत दिला.

थोड्या वेळाने खाली भाऊजींच्या गाडीचा हॉर्न वाजला. ताई उठायला लागल्या, मी त्यांना बसवलं आणि एकटीच खाली गेले. भाऊजींनी काच खाली केली. मागच्या सीटवर साड्यांच्या दुकानाची पिशवी होती.

"ताई तयार नाही झाली?"

"झाल्या. पण सही नाही. त्यांना त्यांचा वाटा हवा. तुमच्या दादांचंही तेच म्हणणं आहे."

त्यांनी गाडी बंद केली. तोंड लाल झालं होतं. "वहिनी, माझं कर्ज अडकेल. माझी सगळी मेहनत आहे त्या मळ्यात."

"तुमच्या मेहनतीचं काय द्यायचं ते वाटपात बसून ठरवू. ते कोणी बुडवणार नाही."

"एका जेवणावरून एवढं करताय तुम्ही."

"हो," मी म्हटलं. "जेवणावरूनच."

त्यांनी काच वर केली, गाडी चालू केली आणि गेले. मी वर आले, चप्पल घातली, ताईंना म्हटलं चला. तहसील कचेरीत वाटपाचा अर्ज कसा करायचा ते विचारायला आम्ही दोघींनी दिंडोरीची एसटी धरली.